दुपारी वाचणाऱ्या मुली

अक्का,

तुला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले, आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. सकाळी दाढी करताना भांडतो, बाजारात पानं निवडताना भांडतो. तू उत्तर देत नाहीस, एवढाच फरक. आणि तुझं उत्तर आलं नाही की माझाच मुद्दा मला कच्चा वाटायला लागतो.

भेटायला आलेले लोक तुला देवमाणूस म्हणून गेले. मी मान डोलावली, पण तू काही देवमाणूस नव्हतीस. तू हट्टी होतीस. वाद हरायला लागलीस की फिल्टरची कापी करायला उठायचीस आणि परत येऊन भलत्याच ठिकाणाहून सुरू करायचीस. पावत्या पिशवीत कोंबायचीस आणि मग सगळं घर डोक्यावर घ्यायचीस. मुलांची बेरीज एका आकड्याने चुकली तरी तुला खपायचं नाही, पण स्वतःचा चष्मा रोज हरवायचा. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत तुझा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा. आता गल्ली फार शांत आहे, आणि ती मला आवडत नाही.

हे मी देवनागरीत लिहितोय. तुझ्यानंतर घरात ही अक्षरं वाचणारा मी एकटाच उरलो. माझ्या मुलीला आपली मराठी कळते, बोलायची वेळ आली की ती तमिळमध्ये शिरते. मला ही अक्षरं तूच शिकवलीस. तू बारा वर्षांची होतीस आणि मी सहा. तुझी पहिली शाळा म्हणजे मी.

शेवटची शाळा तिरुवैयारुच्या पलीकडची, कालव्याकाठची. पंचायतीची प्राथमिक शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षिका: तू मुख्याध्यापिका आणि स्टेला टीचर. तू तिथे रुजू झालीस त्या दिवशी संध्याकाळी घरी आलीस ती संतापूनच. शाळेत लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली तुझ्या आधीच्या सरांनी पाकिटात घालून, वर सही करून ठेवली होती. आत काय निघालं, तर गोष्टींची पुस्तकं, मण्यांच्या पाट्या, अक्षरांचे पत्ते. सगळं सरकारने दिलेलं आणि सगळं प्लास्टिकमध्ये, जसं आलं तसं.

"पुस्तकें वाटलीं नाहींत कां, म्हणून विचारलें," तू म्हणालीस, "तर स्टेला सांगते, मूल पुस्तक फाडेल, मग स्टॉक रजिस्टरांत कमी दिसेल, मग भरपाई कोण देणार? म्हणून कुलूप. पांच वर्षें कुलूप, डा!"

मला 'अरे' म्हणायच्या जागी तू तमिळ 'डा'च म्हणायचीस. मी तेव्हा ऑडिटच्या ऑफिसात होतो. मी त्या सरांची बाजू घेतली. म्हणालो, माणूस घाबरला तर त्यात त्याची काय चूक? फाटलेल्या पुस्तकाचे पैसे खरंच वसूल होतात.

"मग तुमचें ऑफिस पुस्तकें राखतें," तू म्हणालीस, "मुलें नाहीं."

आपलं ते भांडण तिथे सुरू झालं. दर रविवारी तुझ्याकडे कापी प्यायला यायचो आणि आपण तिथूनच पुढे सुरू करायचो. मला वाटायचं, नियम नसते तर अर्धी शाळा लोकांनी घरी नेली असती. मी असे मुख्याध्यापक पाहिले होते. खडूच्या पैशांत घराचं दार बसवलेले पाहिले होते. तू ते नाकारलं नाहीस कधी. तू एवढंच विचारायचीस, "वर्षभर शाळेला खडू नाहीं, आणि अनुदान येतें शेवटच्या दोन महिन्यांत. मग तें संपवायचें म्हणून भिंत रंगवतात. कागदावर सगळें बरोबर. मुलगी काय शिकली, तें कोणत्या कागदावर आहे?"

 त्यावर मी आवाज चढवायचो.

कपाट तू दुसऱ्याच दिवशी उघडलंस. पुस्तकं फाटली, आणि फाटलेली पुस्तकं पोरांनी खळ लावून चिकटवली. रजिस्टरात तू 'वापरून जीर्ण' असा शेरा मारलास. मला दाखवलास आणि विचारलंस, हा चालतो की नाही? चालत होता. मी म्हणालो, चालतो. तेवढी मदत मी केली, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायचं आहे.

त्या वर्षी तुझ्या लक्षात एक गोष्ट आली. आजही मी ती लोकांना सांगतो, तेव्हा माझी मान ताठ होते. चौथी-पाचवीच्या मुली गणितात बऱ्या होत्या, वाचनात मात्र पार मागे. मुलं दोन्हींत बरी. स्टेला टीचर म्हणायच्या, मुलींच्या घरी कोणी वाचत नाही. तुला ते पटेना, कारण मुलांची घरंही तीच होती. तू पंधरा दिवस हजेरी वेगळीच घेतलीस, एकदा सकाळी आणि एकदा जेवणानंतर. शाळेची हजेरी सकाळीच लागते, त्यात सगळ्या मुली हजर. दुपारच्या तुझ्या खासगी वहीत मात्र निम्म्या मुली नाहीत. आणि शाळेत गणित सकाळी असायचं, वाचन दुपारी.

तू मुलींना विचारलंस, त्या हसून पळाल्या. मग पालकांच्या समितीची सभा बोलावलीस. समिती कागदावर होती, सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जायच्या. तू पहिल्यांदा माणसं जमवलीस आणि शाळेला किती पैसे आले, ते फळ्यावर लिहिलंस. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इतका पैसा येतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "हे तुमच्या मुलांचे आहेत," तू म्हणालीस, "कशाला लावूं, सांगा."

केळीच्या बागेत कामाला जाणारी सेल्वी उठली. तिची तेनमोळी चौथीत होती. ती म्हणाली, "टीचर, संडासात पाणी नाही. मोटर जळून दोन वर्षं झाली. पोरी जेवतात आणि घरी येतात. घरी आल्या की धाकट्याला कोण सांभाळणार? मग परत कोण पाठवतं?"

एवढंच होतं. मुली मठ्ठ नव्हत्या. दुपारी शाळेत नव्हत्या.

मी तुला विचारलं होतं, वाचन सकाळी का घेत नाहीस? फुकटात काम झालं असतं. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी अजून सहा वर्षांचाच आहे. "मग गणित दुपारीं जाईल. मुली घरींच जातील. मी तासिका बदलून काय बुडवायचें तें निवडूं कां?"

आता तो फोन. मार्च महिना होता, सकाळचे अकरा वाजले असतील. माझ्या टेबलावर फायलींचा ढीग. तू ऑफिसच्या नंबरावर फोन केलास, जो तू कधी करायची नाहीस.

"रघु, शिकवण्याच्या साहित्याचे पैसे आहेत. त्यांतून मोटर घेतां येते कां?"

"नाही. तो खर्च दुरुस्तीतून."

"दुरुस्तीचे सगळे रंगांत गेले, वरून हुकूम होता."

"मग पुढच्या वर्षी घे."

"पुढच्या वर्षीं तेनमोळी पांचवींत असेल. त्याच्या पुढच्या वर्षीं ती ह्या शाळेंत नसेल."

"अक्का, मी काय करू? नियमात नाही."

"दुसरा कांहीं रस्ता?"

"नाही."

"सरी, बरें," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

रस्ता होता, अक्का. समितीचा ठराव करायचा, मुलींच्या हजेरीचा उतारा जोडायचा आणि एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्यात वापरायची परवानगी ब्लॉकच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे मागायची. एक पानाचं पत्र. अशी पत्रं लावलेल्या फायली मी स्वतः पास केल्या होत्या. तुझ्याशी बोलत होतो तेव्हा तशीच एक माझ्या कोपराखाली असेल.

का नाही सांगितलं? माझं प्रमोशन जवळ आलं होतं. बहिणीला सल्ला दिला आणि काही चुकलं, तर माझं नाव निघेल, अशी भीती होती. हे एक. दुसरं लिहायला जास्त जड जातंय. दर रविवारी तू जिंकायचीस. मला वाटलं, एकदा नियमापुढे तुझं चालणार नाही, तर बरंच आहे.

तू मोटर घेतलीस. शिकवण्याच्या साहित्याच्या पैशांतून, पाइप आणि प्लंबरच्या मजुरीसकट. पाणी आलं त्या दिवशी मुलींनी संडासाच्या दारापासून कालव्यापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं, हे मला स्टेला टीचरांनी परवा सांगितलं. तू नव्हतं सांगितलंस.

पुढच्या वर्षी तपासणी आली. आमच्याच ऑफिसातला नवा पोरगेला ऑडिटर होता. परत आल्यावर त्याने चहा पिताना मला सगळं ऐकवलं. ती माझी बहीण आहे हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "सर, एका शाळेत मुख्याध्यापिकेने कॅशबुकाशेजारी दोन हजेऱ्या मांडून ठेवल्या. आधीची दुपार आणि नंतरची दुपार. म्हणाल्या, शिकवण्याचं साहित्य कुठे आहे म्हणून विचारता ना, ते बघा, दुसऱ्या खोलीत वाचतंय."

प्लंबरची पावती तुझ्या पिशवीत सापडेना. तेवढ्यात बागेतून चिखलाच्या पायांनी सेल्वी आली. त्याने विचारलं, तुम्ही कोण? "समिती," ती म्हणाली, आणि पाइपचा प्रत्येक तुकडा, त्याची लांबी आणि किंमत तोंडपाठ सांगितली. दुकान कुठलं, भाव कोणी केला, किती कमी केले, सगळं. ती त्या दुकानात तुझ्याबरोबर गेली होती. तो पोरगा मला म्हणाला, "एक पैसा इकडचा तिकडे नाही, सर. पण खातं चुकलंय. त्यांना म्हणालो, अम्मा, ह्यासाठी माझ्या फॉर्मात रकाना नाही. मी आक्षेप लिहिला. लिहिताना बरं नाही वाटलं."

आक्षेपाची फाइल माझ्या टेबलावर आली. नात्यातली म्हणून मी ती दुसऱ्याकडे दिली आणि त्याचा मला अभिमानही वाटला. तुझ्याकडून वसुलीचा हुकूम निघाला. दहा महिने तुझ्या पगारातून कापून घेतले. मी तुला सांगितलं की फाइल मी पाहिली नाही. तू म्हणालीस, "बरोबर केलेंस." मनापासून म्हणालीस, आणि माझ्या कपात आणखी कापी ओतलीस.

त्या दहा महिन्यांत तू दिवाळीला साडी घेतली नाहीस. विचारलं तर म्हणालीस, जुन्याच चांगल्या आहेत.

त्याच दिवसांत एकदा मी तुला न सांगता शाळेत आलो. तिरुवैयारुला एका लग्नाला आलो होतो, जेवण झालं आणि पाय तिकडे वळले. तीन वाजले असतील. कालव्याच्या कडेने शाळेशी येईपर्यंतच आवाज ऐकू यायला लागला. खिडकीतून पाहिलं. सगळ्या मुली होत्या. एक लुकडी मुलगी उभी राहून कोल्ह्याची गोष्ट वाचत होती, अडखळत, बोट ओळीवर ठेवून. अडली की बाकीच्या तिला शब्द सांगत नव्हत्या. तू तसं बजावलं असणार. सगळ्या थांबायच्या. ती ओठांत पुटपुटायची, मग शब्द एकदम मोठ्याने बाहेर पडायचा आणि सगळ्या एकदम श्वास सोडायच्या. ती तेनमोळी होती, हे मला नंतर कळलं.

मी चौतीस वर्षं सरकारी पैसा तपासला. पैसा खर्च झाल्यावर कसा दिसतो, ते मी त्या एका दुपारी पाहिलं.

तू मला खिडकीत पाहिलंस. "काय डा, ऑडिटला आलास कां?" सगळ्या मुली हसल्या. मी तिथेच तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तू मला त्या संडासापर्यंत नेलंस आणि नळ सोडून दाखवलास. माणसं गर्भगृह दाखवतात तशी तू मोटर दाखवलीस, आणि मी म्हणालो, छान आहे.

शेवटच्या महिन्यात तू उठून बसायचीस तेव्हा मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा म्हणालो, "अक्का, त्या मोटरच्या वेळी तू फोन केला होतास ना..." तू हात हलवलास. "किती वर्षें तेंच धरून बसतोस? दुसरें कांहीं बोल." तुला माहीत होतं का? तू निवृत्त व्हायच्या आधी दोन शाळांना तशी परवानगी मिळाली होती, तुझ्या कानावर आलं असेलच. माहीत असून तू माझ्या कपात कापी ओतत राहिलीस, की खरंच माहीत नव्हतं? हे मला आता कोणी सांगणार नाही. ह्या एका प्रश्नाशी मला राहायचं आहे. माफी मागतो, अक्का. उशिरा मागतो, पण पूर्ण मागतो.

तुला नेलं त्या दिवशी गल्लीत चप्पल ठेवायला जागा नव्हती. तेनमोळी कुंभकोणमहून आली होती. ती तिथे इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. दुपारची पाळी बदलून आली होती. रडली नाही, सरळ आत जाऊन बायकांना पाणी द्यायला लागली.

आणि तेराव्यानंतर सेल्वी एकटी आली. आता तिची नात त्याच शाळेत आहे. पायरीवरच बसली, आत येईना. म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. पुस्तकांच्या खोलीचं छप्पर गळतंय. नवे सर सगळी पुस्तकं गोणीत बांधून ठेवतात, पोरांना मिळत नाहीत. पैसे आहेत, पण खेळाच्या सामानाचे. सर म्हणतात, नियमात बसत नाही. टीचर असत्या तर त्यांनी छप्पर केलं असतं आणि पगारातून भरले असते. पण ह्या सरांची मुलं लहान आहेत. त्यांनी कसे भरायचे? दुसरा काही रस्ता असतो का?"

मी म्हणालो, "असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी कालव्याकाठी गेलो. नवे मुख्याध्यापक चांगले आहेत, फक्त घाबरलेले आहेत. मी ऑडिटमधला म्हटल्यावर आणखीच घाबरले, उभेच राहिले. त्यांना खाली बसवलं. समितीच्या बायका आल्या, ठराव मी तोंडी सांगितला आणि सेल्वीच्या थोरल्या लेकीने लिहिला. गोणीतल्या पुस्तकांची यादी जोडली. पोरं आठवड्यात किती तास वाचायची आणि आता किती वाचतात, हेही जोडलं. तुझ्याकडून शिकलेलं तेवढं एक. पत्र एका पानात बसलं.

ते घेऊन मीच ब्लॉकच्या ऑफिसात गेलो. परवानगी नवव्या दिवशी आली. छपराचं काम काल पूर्ण झालं, आणि कोणाच्याही पगारातून एक रुपया जाणार नाही. कालव्यापलीकडच्या आणखी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने बोलावलं आहे. गुरुवारी जातोय. तिथे काय अडलंय ते अजून माहीत नाही. वाटेत बसमध्ये तुझ्याशी भांडायला वेळ मिळेल.

पत्र द्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "कागद अगदी पक्के केलेत. तुम्ही कोणत्या ऑफिसातर्फे?"

जन्मभर ह्या प्रश्नाला मी हुद्दा सांगितला.

"कोणत्याच नाही," मी म्हणालो. "मी कमला टीचरचा धाकटा भाऊ."

"कोण कमला टीचर?" तो नवा होता, तिरुनेलवेलीकडून बदलून आलेला.

माझ्या मागे रांगेत चार माणसं उभी होती, अक्का. तरी मी त्याला सगळं सांगितलं.